वरच्या फळीवरची पिल्लं

आमच्या प्रयोगशाळेतले मासे वाकड्या तोंडाचे. शिवी नाही देत, खरंच वाकड्या तोंडाचे! कुणाचं तोंड डावीकडे उघडतं, कुणाचं उजवीकडे. दुसऱ्या माशाच्या कुशीचे खवले ओरबाडून खायला ते बरं पडतं. त्यांना खायला घालणं, टाक्या घासणं आणि कुठला मासा कुठल्या बाजूचा ते वहीत लिहिणं, हे तीन वर्षं माझं काम.

आमची संशोधक पोरगी मला मावशी म्हणते. आईबापाचं वाकडेपण पिल्लांत उतरतं का, एवढंच तिला बघायचं होतं. माझ्या वहीतून निघालं भलतंच: डाव्या जोडप्यांची पिल्लं बहुतेक उजवी, उजव्यांची डावी! असं कुणी पाहिलंच नव्हतं. पोरगी हवेत होती. आज चार वाजता ती हे मोठ्या सरांपुढे मांडणार होती, आणि त्यावर तिची पुढची नोकरी ठरणार होती.

सकाळी वरच्या फळीवरची एक टाकी गळायला लागली. पिल्लं खालच्या टाकीत हलवून मी नेहमीसारखी नोंद केली. तुटक्या शेपटीचं एक पिल्लू वहीत काल उजवं होतं, आज डावं. एका दिवसात तोंड फिरलं की काय मेल्याचं?

आणि मग माझ्या लक्षात आलं. खाली असतात आईबाप. त्यांना मी वाटीत काढते, शेपटी माझ्याकडे करून वरून बघते; आज पिल्लंही तशीच बघितली. वर असतात पिल्लं. तिथे स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही, म्हणून रोज काचेतूनच बघते, तोंडासमोर तोंड. समोरच्याचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला तीन वर्षं कळलं नाही.

गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पण मग तिच्या तोंडाकडे बघणार कशी मी?

ती रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलायचा सराव करत होती.

"मावशी, बसा ना, ऐका."

"आधी तू ऐक."

मी वाटीचं आणि काचेचं सगळं सांगितलं. "म्हणजे डाव्यांची डावीच?"

"बहुतेक."

"हे तर कुणीही सांगितलं असतं, मावशी."

मला रडूच फुटलं. "चुकलं गं माझं. दे काय शिव्या द्यायच्यात त्या."

शिव्या दिल्या नाहीत तिनं. डोळे पुसले आणि कॉम्प्युटर उघडला.

चारला मी दाराशी उभी राहिले. तिनं चुकीसकट सगळं नीट सांगितलं. सरांनी चष्मा काढला. "मग यात नवीन काय? यंदा तुम्हाला घेणं अवघड आहे. आणि ही चूक केली कुणी?"

"मी," पोरगी म्हणाली.

"खोटं बोलतेय ही!" मी आत शिरलेच. "चूक माझी आहे, सर. मी हिला सांगितलं आणि हिनं दोन तासांत सगळे आकडे सरळ करून आणले. ही गप्प राहिली असती, तर आत्ता तुम्ही टाळ्या वाजवत असता."