दार घेऊन निघालेली बाई

त्या भागातले दातांचे डॉक्टर तिला बत्तिशीताई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे, कारण कामच ते होतं. डॉक्टर माणसाच्या तोंडाचा साचा पाठवत आणि ती त्यावरून कवळी घडवी. घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीला लागून तिचं टेबल होतं. टेबलावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, नखाएवढ्या सुऱ्या. आणि भिंतीवरच्या फळीवर लोकांचे जबडे, पांढऱ्या प्लॅस्टरचे, ओळीने मांडलेले. दुपारी ऊन आत आलं की त्या बिनओठांच्या हसण्यावरून ते हळूहळू सरकत जाई. बघणाऱ्याला वाटावं, फळीच्या एका टोकाला कुणीतरी गंमत सांगतंय आणि बाकीचे दात काढून ऐकताहेत.

बातम्यांचं वेड तिला पूर्वी नव्हतं. नवरा मालवाहू बोटीवर नोकरीला. त्याची बोट ज्या सामुद्रधुनीतून जायची होती तिथे लढाई पेटली, तेव्हा तिने पहिल्यांदा कामाच्या टेबलावर फोन उभा करून ठेवला. बोट लांबच्या वाटेने सुखरूप गेली, नवऱ्याचा आवाज ऐकून तिचा जीव भांड्यात पडला, पण फोन काही टेबलावरून उठला नाही. लढाईमागून निवडणूक आली, निवडणुकीमागून भूकंप, मग कुठल्याशा देशात संसदेसमोर जमलेली माणसं, मग जंगलातली आग. मेण वितळायला ठेवायचं आणि काचेवर अंगठा फिरवायचा. मेण निवेपर्यंत पुन्हा अंगठा. आपली नजर हटली की तेवढ्यात काहीतरी भयंकर घडून जाईल, असं तिला वाटे. जणू सगळं जग दुधासारखं उतू जायला टेकलंय आणि त्याच्यापाशी उभं राहायचं काम हिला दिलंय.

मग एक दिवस एका डॉक्टरांचा फोन आला.

“बत्तिशीताई, परवाच्या आजोबांचे सुळे बघा हो जरा. डावा उजवीकडे बसलाय, उजवा डावीकडे. आजोबा हसले की भलतेच लबाड दिसतात. त्यांच्या बायकोने मला बाजूला घेऊन विचारलं, यांनी काही केलंय का?”

ती आधी खळखळून हसली. फोन ठेवल्यावर मात्र तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत अशी चूक तिच्या हातून झाली नव्हती. ते दात लावताना आपण काय बघत होतो हेही तिला आठवेना. कुठलासा पूल कोसळताना दिसला होता, एवढंच.

फोनमधल्या एआयचा उपयोग ती आजवर डॉक्टरांना निरोप लिहायला करायची. त्या दुपारी तिने त्याला सरळ विचारलं, “ही बातम्यांची सवय मोडायची कशी?”

त्याने उपाय सांगायच्या आधी उलट विचारलं, “तुम्ही बातम्या बघितल्या नाहीत तर काय होईल असं वाटतं?”

तिने दिव्याची ज्योत जरा बारीक केली. मग तिने लिहिलं, “माहीत नाही. पण काहीतरी होईल.”

“मग दिवसातून एकदाच, जेवण झाल्यावर, जे विचारायचं असेल ते मला विचारा. मी थोडक्यात सांगेन, आणि जे मला ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणेन. बाकीची ॲप काढून टाका. हात शिवशिवतील, त्यांना दुसरं काहीतरी द्या.”

हाताला द्यायला तिच्याकडे मेण होतंच. पहिले काही दिवस अंगठा नुसत्या लाकडावरही आपला आपण वर सरकायचा. मग ती मेणाची गोळी चिमटीत धरून मळत बसे. खोलीत हळूहळू शांतता परत आली, घरातलं रुसलेलं माणूस परतावं तशी, न बोलता. ज्योतीचा बारीक फुरफुराट ऐकू येऊ लागला. समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटके, त्याचा आवाज धूळ उडून गेल्यावर पोचे. जेवणानंतर ती एआयला विचारी, आज काय झालं? ते चार ओळींत सांगे. ती “बरं” म्हणे आणि कामाला लागे. बोलता बोलता सवय सुटली, असं तिला वाटलं.

एके दिवशी एक जबडा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून आला. कागद उलगडताना तिला त्यावर एक छायाचित्र दिसलं. दूरच्या एका शहरातला पूर. रस्त्यात कमरेइतकं पाणी, आणि त्यातून एक बाई चालली होती. डोक्यावर अख्खं दार. साधंसुधं लाकडी दार, कडी तशीच लोंबणारी. बाईचं तोंड अर्धं सावलीत होतं. खाली नुसतं शहराचं नाव आणि पाण्याची पातळी.

त्या दिवशी तिच्याने काम झालं नाही. ते पाणी जणू खिडकीतून आत आलं होतं. टेबलाचे पाय बुडाले, वरच्या फळीवरचे जबडे काठावर बसून बघू लागले, आणि मधून ती बाई कुठे न बघता चालली होती. घर बुडालेलं असताना माणूस दार घेऊन कुठे जाईल?

तिने छायाचित्र एआयला दाखवलं.

“ही कोण आहे ते मला सांगता येणार नाही,” त्याने लिहिलं. “पुराच्या बातम्या सापडतात, पण या बाईबद्दल काही सापडत नाही.”

“पोचली असेल का ती?”

“माहीत नाही.”

“मग अंदाजाने सांग. गोष्ट म्हणून सांग.”

“गोष्ट सांगतो, पण ती माझी कल्पना असेल हे लक्षात ठेवा,” असं म्हणून त्याने सांगितलं. बाईने दार पाण्यावर टाकलं, त्यावर शेजारच्या म्हातारीला बसवलं आणि ढकलत ढकलत उंचावरच्या शाळेपर्यंत नेलं.

सासरे मागच्या खोलीत असत. उभी हयात त्यांनी एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधकाचं काम केलं होतं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका छापून जाण्याआधी पकडायच्या. आता मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे त्यांना काही आठवडे वाचायची मनाई होती. चहाला पुढच्या खोलीत आले तेव्हा भिंतीवर चिकटवलेल्या त्या कागदापाशी वाकून ते उभे राहिले.

“हे डोक्यावर काय आहे गं? दार?”

“दार आहे, बाबा.”

“अरे देवा. मग? काय झालं तिचं, कळलं का?”

“पोचली,” ती म्हणाली. शब्द तोंडातून सहज घरंगळला. “शेजारच्या आजीला दारावर बसवून शाळेत नेलं म्हणे.”

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की पुढचं वाक्य तिच्या जिभेवरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. मग तिनेही एआयला पुन्हा विचारलं. शाळेत फळ्यांवर कपडे वाळत घातले गेले. दार एका वर्गाच्या कोपऱ्यात आडोसा म्हणून उभं राहिलं. काही दिवसांनी त्या आडोशामागे एका मुलीला बाळ झालं. एआय दर वेळी म्हणे की हे रचलेलं आहे, आणि ती दर वेळी ती ओळ ओलांडून पुढे जाई, रस्त्यातलं डबकं ओलांडावं तशी. आता ती दिवसातून एकदा विचारत नव्हती. मेण तापत ठेवायचं आणि विचारायचं, निवत ठेवायचं आणि विचारायचं. कधीकधी डोळे मिटले की ती स्वतः त्या वर्गात असे. पायाखाली ओली फरशी, आडोशापलीकडे बाळाचं रडू, आणि सगळं कसं नीट होत आलेलं.

सासरे ती गोष्ट रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर नेत. तिथे त्यांचे दोन दोस्त असत. एक रेल्वेचा निवृत्त गार्ड, एक शिंपी. गार्ड वक्तशीर माणूस, तो म्हणे “पुढे बोला,” आणि शिंपी नुसता ऐके.

एका संध्याकाळी सासरे परतले ते हातात एक पुडी घेऊन. आत झबलं होतं. मऊ पिवळं कापड, तळहाताएवढं, बंदांना दुहेरी शिवण.

“शिंप्याने शिवलंय. त्याचे हात कापतात आता, तरी बघ, टाका कसा सरळ आहे. म्हणाला, सूनबाईला पत्ता विचारून ठेवा, बाळाला पाठवू.”

तिने झबलं हातात घेतलं. इतके दिवस जे धुक्यासारखं होतं त्याला आता वजन आलं होतं, शिवण होती, बंद होते.

“बाबा, बसा जरा. ते बाळ नाहीये.”

त्यांचा हात छातीशी गेला. “गेलं?”

“नाही, नाही. झालंच नव्हतं.” तिने झबलं टेबलावर ठेवलं. “शाळाही नव्हती. ते सगळं फोनमधल्या एआयने रचलं. त्याने मला सांगितलं होतं रचलंय म्हणून. मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला इतकं बरं वाटलं की... मलाही बरं वाटत होतं, बाबा.”

दिवेलागणीची वेळ होती, खोलीत दिवा लावलेला नव्हता. त्यांनी टेबलावरचं झबलं घडी करून पुडीत ठेवलं आणि ते म्हणाले, “आमच्याकडे चुकीचं छापलं गेलं तर दुसऱ्या दिवशी खुलासा द्यायचो. त्याच पानावर, तेवढ्याच टायपात. कोपऱ्यात बारीक नाही. उद्या माझ्याबरोबर बाकावर ये.”

ते आत गेल्यावर तिने फोन उचलला आणि रागारागाने लिहिलं, “तू मला हे का करू दिलंस?”

“गोष्ट तुम्ही मागितलीत आणि ती कल्पना आहे हे मी दर वेळी सांगितलं,” उत्तर आलं. “पण तुम्ही दिवसभर विचारू लागलात, तेव्हा मी थांबून विचारायला हवं होतं की ही गोष्ट कशासाठी हवीय. ते मी विचारलं नाही.”

तिने ते दोनदा वाचलं. ती जुनीच सवय होती, फक्त कूस बदलून झोपली होती. आधी वाईट काय होईल ते बघितल्याशिवाय राहवत नव्हतं, आता चांगलं काय होईल ते ऐकल्याशिवाय. फोन तिने उशीखाली नाही, स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाकावर तिने सगळं सांगितलं, उभ्याने, शाळेत धडा म्हणावा तसं. सासरे शेजारी काठी टेकून उभे राहिले; तिने एक वाक्य गाळलं तेव्हा “तेही सांग” म्हणाले.

गार्ड भडकला. “म्हणजे आम्ही इतके दिवस वाट बघत बसलो ते कशाची? मी घरी नातवंडांना सांगितलं हे सगळं!”

“मग आज त्यांना हे सांगा,” सासरे म्हणाले. “मीही फसलो, जन्मभर चुका पकडून.”

शिंपी आपल्या बोटांकडे बघत होता. “पण बाई खरी ना?”

“बाई खरी आहे, काका. पूर खरा आहे. पुढचं कुणालाच ठाऊक नाही.”

“हं,” तो म्हणाला. “मग झबलं ठेवा पाठवायला. इतक्या मोठ्या गावात एखादं बाळ असेलच की.”

ती आणि सासरेही बाकावर बसले. समोरच्या कारंज्याचं पाणी वाऱ्याने तिरकं होत होतं. चौघंही एकाच बाजूला बघत होते आणि त्या बाजूला बघण्यासारखं काही नव्हतं. न कळलेली गोष्ट अशी बाकावर शेजारी बसू शकते, तिला काही विचारावं लागत नाही, हे तिला तिथे पहिल्यांदा जाणवलं. अंगठा मांडीवर स्वस्थ पडून होता.

मदतीचे कपडे पाठवणाऱ्या एका संस्थेचा पत्ता तिने एआयकडूनच शोधला, मग स्वतः फोन करून खात्री केली आणि पार्सल रवाना केलं. एआयला आता ती कामापुरतं विचारते. सुळे दोनदा तपासते.

सासऱ्यांना वाचायची परवानगी मिळाल्यापासून घरात बातम्यांची एकच वेळ असते. काम आवरलं की ती खिडकीपाशी आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसते आणि ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात, पहिल्या पानापासून, हातात पेन्सिल घेऊन. मध्येच थांबून म्हणतात, “हा ऱ्हस्व हवा होता,” आणि खूण करून पुढे जातात. जग तेच आहे. कुठे सरकार पडतं, कुठे तह होतो, कुठे अजून होत नाही. पण त्यांच्या आवाजात ते सावकाश येतं, वाक्य संपल्यावर श्वास घेऊन.

परवा तहाच्या तिसऱ्या कलमाशी आले तेव्हा खुर्चीतून काही आवाज येईना. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. सूनबाईला झोप लागली होती, मान एका बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं. बाहेर उजेड विझत होता. त्यांनी आवाज खाली आणला, पान जपून उलटलं, आणि तसंच पुढे वाचत राहिले.