चात्यांचं तेल

कुशाबाने कंप्युटरच्या पंख्यात तेल घातलं ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आणि दिवाळीपर्यंत परळच्या त्या चाळीत ही गोष्ट न ऐकलेला माणूस उरला नाही.

पंखा म्हणजे कॅबिनेटच्या पाठीला असतो तो, तळहाताएवढा. मशीन सेकंडहँड. मुलगा शिवा लोअर परळच्या एका ऑफिसात ड्रायव्हर. ऑफिसने जुनी मशिनं काढली तेव्हा त्याने एक घरी आणलं. सून कमल त्यावर लग्नपत्रिका टाइप करायची. पावसाळाभर पंखा घरघरत होता. कमलला त्या घरघरीची सवय झाली, कुशाबाला होईना. गिरणीत एकोणीस वर्षं तो तेलवाला होता, कातणखात्यात. सूत गुंडाळत फिरणाऱ्या चात्यांना तेल द्यायचं, आणि कोणती चाती कोरडी पडली ते आवाजावरून ओळखायचं. ब्याऐंशीच्या संपानंतर त्याच्या हाती मशीन आलं नव्हतं. मधल्या वीस वर्षांत त्याने वॉचमनकी केली, कुरियरची पाकिटं वाटली, पण काय करता असं कुणी विचारलं तर अजून तेलवालाच सांगायचा, तेही ‘होतो’ न म्हणता ‘आहे’ म्हणून.

त्या दिवशी कमल कामावर गेल्यावर त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक कॅबिनेटला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि निदान केलं: बेरिंग कोरडं. बटण बंद करून पंखा सोडवला, मधलं स्टिकर नखाने उचकटलं, खालचं रबरी बूच काढलं, दोन थेंब सोडले, सगळं होतं तसं बसवलं. संध्याकाळी मशीन मुकाट चाललं. कमलने कौतुकाने विचारलं, कुठलं तेल घातलंत मामा?

"चात्यांचं. संपाआधीची बाटली जपून ठेवलीय."

कुशाबा श्रेय रोखीने घ्यायचा आणि चूक उधारीवर ठेवायचा. बाटली होती हे खरं. ती सत्त्याऐंशी सालीच कोरडी झाली होती हेही खरं, पण ते कुणी विचारलं नाही. टोकलं फक्त भिवाने. भिवा त्याच गिरणीतला फिटर, दिवसभर खाली शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर बसलेला. तो म्हणाला, "कुशा, तुझं तेल आणि आपला संप, दोन्ही अजून संपलेली नाहीत म्हण की." पायरीवरचे सगळे हसले. कुशाबाही हसला, कारण न हसणं महागात पडलं असतं.

शिंप्याकडे मशीनचं तेल मिळायचं, ते दहा पायऱ्या उतरून आणता आलं असतं. पण ते भिवाच्या नाकासमोर मागावं लागलं असतं. म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी पंख्यात गेलं ते बायकोचं, गंगुबाईचं खोबरेल.

दिवाळी गेली, लग्नं सुरू झाली. प्रेसकडून मजकूर रात्री उशिरा यायचा, म्हणून कमल पहाटे सहाला मशीनपुढे बसायची. नऊला गिरगावच्या प्रेसचा माणूस पानं न्यायला यायचा, मग ती दवाखान्यात केस पेपर लिहायला जायची. डिसेंबरात थंडी पडली आणि मशीन सकाळी अडायला लागलं. बटण दाबलं की पंखा एक आळस दिल्यासारखी गिरकी घ्यायचा, कण्हायचा, थांबायचा. हे मशीन ऑफिसातलं, शिस्तीचं: पंखा वेळेत फिरला नाही तर ते पी पी करून स्वतःच बंद व्हायचं. दहा वेळा बटण दाबून एकदा चालू झालं तर झालं. नऊच्या आत पानं होईनात. प्रेसचे मालक अण्णा दोनदा गप्प बसले. तिसऱ्यांदा सांगून पाठवलं की सोमवारी पानं मिळाली नाहीत तर काम दुसरीकडे जाईल.

दुरुस्तीला यायचा धर्मा, वरळी कोळीवाड्यातला. तो दुपारी तीनला यायचा. तीनला मशीन एका बटणात चालू. त्याने धूळ झाडली, पात्यांना वायर लागते का पाहिलं, पिन काढून घातली, स्क्रू आवळले. दुसऱ्या खेपेला वीज कमीजास्त होते का तेही मोजलं. मग म्हणाला, "काका, मशीन एकदम ओके. वहिनीला बटण दाबता येत नाय." कुशाबाने हा निरोप सुनेला दिला नाही, एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं.

कमल हट्टाला पेटली. रविवारी सकाळी सातला यायचं, असं तिने धर्माला फोनवर बजावलं, आणि तो आला, जांभया देत. त्याच्यासमोर पंख्याने अर्धी गिरकी घेतली, मग तो कण्हला, थांबला. पी पी. बंद. धर्माची झोप उडाली. त्याने बोटाने पातं ढकलून पाहिलं तर ते चिखलात फिरावं तसं फिरलं. मग हिशेब मांडला: पंखा बदलायचा, पण या मशीनच्या पंख्याची पिन कंपनीची वेगळी, बाजारात लगेच मिळत नाही. कॅबिनेट दुकानात न्यायचं. पाच-सहा दिवस.

"उद्या पानं द्यायचीत," कमल म्हणाली.

"मग उद्या काय करणार वहिनी, पी पी ऐकणार?"

कमल वायरी काढायला लागली. कुशाबा दारात उभा होता. गॅलरीत उन्हाची पट्टी आली होती आणि गंगुबाई तिच्यात खोबरेलाची बाटली ठेवत होती. आत तेल पांढरं, घट्ट, मेणासारखं. ती रोज सकाळी ठेवायची. कुशाबा तीस वर्षं ते पाहत आला होता आणि आज पहिल्यांदाच त्याने ते पाहिलं. सकाळी गोठतं, दुपारी पातळ होतं. म्हणून तीनला मशीन ओके.

धर्माने कॅबिनेट कवेत घेतलं. आता गप्प राहिलं तर वाचलो, हे कुशाबाला कळत होतं. दुकानात नवा पंखा लागेल, जुना कचऱ्यात जाईल, कुणी वास घेणार नाही. कमलचं काम तेवढं जाईल.

"ठेव ते खाली," तो म्हणाला. "त्यात खोबरेल आहे."

धर्माला आधी समजलंच नाही. कमलला समजलं. "चात्यांचं तेल म्हणाला होतात, मामा."

"म्हणालो होतो."

गंगुबाई गॅलरीतून आत आली. "तुमच्या डोक्यार केस नाय, माझी येणी बोटभर. बाटली खाली जाता ती कशी, ता मी दसऱ्यापासून इचार करतंय."

धर्मा हसला नाही. धंद्यातला माणूस होता. पंखा सोडवता सोडवता म्हणाला, खोबरेल धुऊन काढायला स्पिरिट आहे, पण घालायला पातळ मशीन-ऑइल पाहिजे, ते कोण आणतंय? त्याने कमलकडे पाहिलं. कमलने सासऱ्याकडे पाहिलं. कुशाबाने सदरा चढवला.

खाली शिंप्याने रविवारचं अर्धंच शटर उघडलं होतं, पण भिवा पूर्ण हजर होता. कुशाबाने मशीनचं तेल मागितलं, मोठ्याने, पुन्हा विचारायला लागू नये म्हणून. कशाला, असं शिंप्याने विचारलंच. कंप्युटरच्या पंख्याला, माझ्याकडचं कधीच संपलं, असं कुशाबाने सांगितलं, आणि भिवाची वाट पाहत उभा राहिला. भिवाने शिंप्याच्या हातातली बाटली निरखून पाहिली. मग म्हणाला, "एकच थेंब घाल रे, जास्त नको."

वर पंखा धुऊन, पुसून ठेवला होता. धर्माने बाटली घेतली नाही, पंखाच पुढे केला. कुशाबाने एक थेंब सोडला, पातं चार वेळा बोटाने फिरवलं, कानाजवळ नेलं, बूच लावलं, स्टिकर दाबलं. त्या वेळी मशीन चाललं, पण तेव्हा नऊ वाजून गेले होते, ऊन घरात आलं होतं. त्याला कुणी पुरावा मानलं नाही.

सोमवारी सहाला खोलीत चांगलाच गारठा होता. कमलने दिवा लावला, शाल आवळली, बटण दाबलं. कॅबिनेटच्या पाठीमागून पहिल्याच सेकंदाला बारीक, सरळ आवाज आला आणि तसाच राहिला. पडद्यावर अक्षरं आली. तिने रात्री आलेली पत्रिका पुढ्यात घेतली आणि वधूच्या मामांची नावं टाइप करायला घेतली.

"मामा," ती मागे न बघता म्हणाली, "पांघरुणातून कान बाहेर काढा. फिरला."

कुशाबा म्हणाला, मी झोपलोय.