दोन मीटरचे पंख

हरेशने माळ्यावरून दुसरा पंख उतरवला, पहिल्याला जोडला आणि कारखान्यातली वाटच बंद झाली. एका टोकाला रंगाची वाट बघत बसलेले माघी गणपती, दुसऱ्या टोकाला दार, आणि मधे हे पांढरंशुभ्र धूड. जमालने पंखाखालून वाकून पलीकडे जाऊन पाहिलं, मग त्यावरून तळवा फिरवला.

“हात नको लावू, घामाचे डाग पडतात.”

“आणि तुझा चालतो?”

“माझ्या हाताला रंग असतो, घाम नाय.”

पेणमध्ये मूर्ती करणारे पैशाला पासरी, पण रिमोटवर उडणारी विमानं करणारा हा एकच खुळा. पहिल्या विमानाला त्याने गणपतीला देतात तसे रंगाचे सहा हात दिले होते. झालं भलतंच देखणं, पण जमिनीवरून उठायचं नाव घेईना! तेव्हा जमाल इतका हसला होता की हरेश आठवडाभर बोलला नाही. शाळेपासूनची दोस्ती, रुसवेही शाळेतलेच.

“दीड मीटरचं घे,” हरेश म्हणाला. “ते तुझ्या गाडीत मावतं. याला टेम्पो लागंल.”

“मोठंच बघू. मोठं वाऱ्यात डगमगत नाय, रेघ सरळ धरतं.”

खोटं नव्हतं ते. नेमक्या कसरती करायच्या तर मोठं विमान केव्हाही चांगलं. पण जमालच्या पोटात वेगळंच होतं. सौदीत दम्मामला तीस वर्षं त्याने क्रेन चालवली, नजरेच्या जोरावर लोखंड उचललं, आणि आता ती नजरच त्याला दगा देत होती. ज्याच्याकडे रोखून बघावं तेच नाहीसं व्हायचं, कडेचं मात्र सगळं दिसायचं. डाव्या डोळ्याचा मध्य गेला, उजव्याचा चाललाय, गेलेलं परत येत नाही, असं पनवेलच्या डॉक्टरने सांगून महिना झाला होता. त्याने बायकोला, इशरतलाही काही सांगितलं नव्हतं. गेल्या शुक्रवारी त्याचं जुनं लहान विमान वालाच्या शेतात आपटलं, तेव्हा त्याने वाऱ्यावर ढकललं. दोन मीटरचं असलं तर आणखी वर्षभर तरी दिसेल, एवढा हिशेब त्याने मनात केला होता. आणि उडवणंच सुटलं तर? पुढचं त्याला सुचतच नव्हतं. माणूस घाबरला होता.

“चल मग, उडवूनच बघ,” हरेश म्हणाला. “ठरव नंतर.”

टेम्पो नागोठणं मागे टाकून निडीला पोचला तेव्हा उन्हं कलली होती. भात कापल्यावर सगळ्या शिवारात वाल पेरलेला, पण शेताचे मालक दाजी, त्यांनी विमानांसाठी ही एक लांब पट्टी मोकळी ठेवली होती. दाजी बांधावरच बसले होते.

“एवढं मोठं? आता यात माणूस बसवता काय रं?”

“तुमीच बसा, दाजी,” जमाल म्हणाला आणि रिमोटचा पट्टा गळ्यात अडकवला.

या कसरतीत क्रम ठरलेला असतो. उडवणारा वर बघतो आणि त्याच्या पाठीशी उभा राहून दुसरा पुढचं काय ते सांगतो. हरेश कागद घेऊन मागे उभा राहिला. कागद त्यालाच लागायचा. जमालला सगळं तोंडपाठ होतं.

विमान उठलं. अहाहा! घाई नाही, धडपड नाही, आभाळात कुणी चुना लावलेलं बोट ओढावं तसं ते चाललं. नजर जराशी बाजूला ठेवली की जमालला ते दिसत होतं, अगदी लख्ख दिसत होतं. लूप घेतला, उलटं नेलं, पुन्हा सुलटं केलं. वालाच्या फुलांचा वास, पाठीवर ऊन, आणि वर ते पांढरं पाखरू. कितीतरी दिवसांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

“आता चार ठोक्यांचा रोल,” मागून हरेश म्हणाला.

पाव गिरकी आणि थांबा, पहिला ठोका. पुन्हा पाव, दुसरा. विमान उन्हाकडे वळलं आणि जमालने रोखून पाहिलं, तिथेच चुकला. आभाळ उरलं. डोंगर दिसत होता, दाजींचा फेटा दिसत होता, विमान नव्हतं. वारा आला म्हणावं? हरेशची सहा महिन्यांची मेहनत वर होती.

“हरेश, नाय दिसत मला. घे.”

त्याने मान खाली केली. हरेशने कागद टाकला, पट्टा ओढून घेतला आणि विमान सावरलं. मग हरेश वर बघतच म्हणाला,

“पुढचं काय? मला पाठ नाय.”

जमाल हरेशच्या पाठीशी गेला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

“सरळ वर ने. टोकाला थांबू दे. आता डावीकडं पाड.”

विमानाच्या नाकावरच्या पंख्याचा आवाज वर चढला, पातळ झाला, एक क्षण थांबला आणि घोंगावत खाली आला. आख्खी वाट त्याला ऐकू येत होती.

“आता लूप.” आवाज चढला, वर जाऊन मधेच पडला. “वरती जोर लवकर सोडलास, गोल नाय झाला. परत घे.”

“तुला दिसलं?”

“नाय. ऐकलं.”

हरेशने परत घेतला. या खेपेला आवाज शेवटपर्यंत एकसारखा राहिला आणि जमालच्या ओठांवर हसू आलं. विमान पट्टीवर टेकलं तेव्हा दाजींनी टाळ्या वाजवल्या.

“वहिनीला सांगितलंस?” हरेशने विचारलं.

“आज सांगतो.”

“आणि विमान? दीड मीटरचंही हाय अजून.”

“मोठंच घेऊ,” जमाल म्हणाला. “लहानाचा आवाज वर गेला की हरवतो.”

जमालच्या उंचीला बेतलेला रिमोटचा पट्टा हरेशच्या गळ्यात पार कमरेपर्यंत लोंबत होता. त्याने तो ओढून दोन भोकं वर घेतला आणि नीट बसतो का ते बघितलं.