एकाच म्हाताऱ्याचे चार आजार

"सुई मोडा, गोळी सोडा!" मोरिवलीच्या कारखान्यांमागच्या शेडमध्ये जलगुरू माइकवर ओरडला आणि दोनशे बाटल्या एकदम वर गेल्या. पाणी टँकरचं, फुंकर गुरूची. घोटागणिक शुगर उतरते म्हणे! शुगरचं माहीत नाही, अक्कल मात्र पहिल्याच घोटाला उतरत होती.

मधु भोईरनं या गर्दीत कधी पाय ठेवला नव्हता. बावीस वर्षं घरोघरी पेपर टाकणारा हा माणूस. बाबा-बुवांची टिंगल करण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. पण एक दिवस मोबाइलवर त्याच्याच गठ्ठ्यातल्या पेपरची बातमी आली: 'चमत्कारी पाण्याने शुगर गायब'. त्यानं मोबाइलवरच दुसरा पेपर उघडला. तिथंही तोच गुरू, तेच पाणी. तिसऱ्यात, चौथ्यातही. मधु विरघळला. बाबा खोटं बोलेल, चार संपादक कसे बोलतील? त्यानं आईला, पुतळाबाईला, बातमी वाचून दाखवली आणि तिचं इन्सुलिन स्वतःच्या हातानं बंद केलं.

विसाव्या दिवशी तिच्या पायाचा अंगठा काळा पडला.

आरोग्यसेविका हर्षदानं पुतळाबाईच्या बोटातून रक्त घेतलं. मशीनवर आकडा पाचशेच्या घरात. "दादा, सुई कुणी थांबवली?"

"पेपरात आलंय, ताई. एका नाही, चार पेपरांत!"

"वाचलेत की नुसते मोजलेत? काढा चारही. एकामागून एक वाचा."

मथळे चार तऱ्हेचे होते. खालचा मजकूर मात्र नाव, गाव, आजार सोडला तर शब्दन् शब्द एकच. फोटोही एकच: पांढऱ्या मिशांचा, हात जोडलेला म्हातारा. एकीकडे तो वांगणीचा, शुगरमधून उठलेला. दुसरीकडे बदलापूरचा, लकवा गेलेला. तिसऱ्यात त्याला ऐकू यायला लागलं होतं, चौथ्यात त्याचा मुतखडा विरघळला होता.

"एवढे आजार घेऊन हा फोटोला उभा कसा राहिला?" हर्षदा म्हणाली. मग तिनं बोट तळाशी नेलं. फिकट राखाडी, मुंगीएवढी अक्षरं: 'प्रायोजित मजकूर. संपादकीय विभागाचा संबंध नाही.'

हर्षदानं पाचवा पेपर उघडला. त्यानं तेच प्रकरण चार ओळींत उरकलं होतं. ते पाणी पिऊन औषधं सोडलेले तिघे रुग्णालयात. फोटो नाही.

मधुनं पहिल्या पेपरच्या ऑफिसला फोन लावला. "जाहिरात आहे ती," पलीकडून जांभई आली. "खाली लिहिलंय की."

"बावीस वर्षं तुमचा पेपर टाकतोय मी!"

"मग वाचत जा ना."

अंगठा कापावा लागला. खाटेशी बसून मधु रडला. "आये, पेपरवाल्यांनी फसवलं गं."

"त्यांना कोन वलखतंय?" पुतळाबाई भिंतीकडं बघत म्हणाली. "मी इसवास तुजेवर ठेवला व्हता."

मधु तसाच उठून शेडवर गेला, माइक हिसकावला आणि चारही बातम्या वाचून दाखवल्या. शेवटची राखाडी ओळ तीनदा. काही लोक घरी परतले. काहींनी त्यालाच शिव्या घातल्या.

विकलेलं खोटं चार ठिकाणी छापलं म्हणजे चार पुरावे होत नाहीत, बाबांनो. ज्या घरात तुमचं ऐकलं जातं, तिथं बातमी वाचून दाखवण्याआधी ती कुणी लिहिली, कुणी पैसे मोजले, हे बघा. आणि औषध थांबवायचं तर डॉक्टरला विचारा. तुम्ही चुकलात, तर पाय दुसऱ्याचा जातो.