उजाडलेलं कळेना

माझी झोप रोज अर्धा तास पुढं सरकती. आज दहाला लागली तं उद्या साडेदहाला, मंग अकराला. असं करत करत भर दिवसावर येऊन पडती अन् दीडेक महिन्यानं परत जागेवर. सोंग न्हाई बाई हे! सोंगच करायचं तं दुसरं एखादं बरं सापडलं असतं.

दोन्ही डोळ्यांत फूल पडून मी आंधळी झाले त्याला दहा वर्षं झाली. तरीबी पहाटे पाचला बराबर उठायचे. डोळे मात्र लई ठणकायचे. डॉक्टर म्हणाला, आणखी थोडं औषध घालून बघू. मीच हट्टाला पेटले, "दिसत न्हाई तं ठेवायचे कशाला? काढून टाका!" काढले. ठणका गेला अन् झोपेची घडीच मोडली.

नंतर जालन्याच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं, "केशरबाई, डोळा नुसता बघत नाही. त्यात थोड्या पेशी असतात, त्या मेंदूतल्या घड्याळाला उजाडलं-मावळलं एवढंच कळवतात. ते घड्याळ मुळातच जरा हळू चालतं. सकाळचा उजेड त्याला रोज जुळवून घेतो. तुमचे आंधळे डोळेही ते काम करत होते." गोळी दिली. गुण आला तर यायला महिने लागतील म्हणाली.

महिने कुठून आणू? पोरगा भारत अन् सून रूपाली कामाला जातात, दोन वर्षांचा नातू प्रेम माझ्यापाशी. मागच्या आठवड्यात दुपारी माझा डोळा लागला अन् लेकरू वाटूर फाट्यावर जाऊन उभं! ट्रकवाल्यानं उचलून आणलं. रूपाली म्हणाली, "आत्याबाई, मी ह्याला भोकरदनला आईकडं ठेवते." मी हातापाया पडले. प्रेम गेला तं ह्या घरात माझं काय काम? शेवटी म्हणाली, "आठ दिवस दिवसाचं जागून दाखवा मंग."

जागले. मिरच्या चावल्या, पायावर गार पाणी घेतलं, खाली बसलेच न्हाई. तीन दिवस निभले. चौथ्या दिवशी दुपारी प्रेमला कडेवर घेऊन उभी होते. उभी, बरं का! हात कधी सैल पडला कळलंच न्हाई. त्याच्या रडण्यानं जागी झाले. त्याचं कपाळ चाचपलं तं टेंगूळ.

संध्याकाळी रूपालीनं विचारलं, "हे काय झालं?"

खेळता खेळता पडला म्हणले असते तं तिनं मानलं असतं. जिभेवर आल्तं.

"मी पाडला," म्हणले. "सकाळच्या पहिल्या गाडीनं घेऊन जा त्याला. मी उठंल म्हणून थांबू नको."