गवतावरची उसळी

शिवणीचा एक धागा सुटला होता, अर्ध्या नखाएवढा, आणि डॅरेल तो बोटानं पुन्हा पुन्हा दाबत होता, पण तो बसत नव्हता... चेंडू कोरा, लाल, घामानं जरासा निसरडा. वाळूच्या मैदानांवर, खालच्या डिव्हिजनमध्ये, सिमेंटच्या पट्टीवर मॅट अंथरून खिळे ठोकायचे आणि खेळायचं. तिथं दोन षटकांत चेंडूचं कातडं सोलून निघतं. इथं खरं गवत होतं, पाणी घालून वाढवलेलं, पलीकडे उघडे काळे डोंगर, आणि सीमारेषेबाहेर छत्रीखाली ओमानच्या संघाचे निवडकर्ते बसलेले.

समोर फलंदाजीला जितेश येत होता.

वादी कबीर भागातल्या टाइल्सच्या गोदामात दोघं एकाच पाळीला होते, खोलीत वरची खाट डॅरेलची, खालची जितेशची. जितेश गुहागरकडचा, वयानं मोठा. वसईचं हे पोरगं पार्किंगमध्ये टेप लावलेल्या चेंडूनं फार जोरात टाकतं, हे अर्बाबला, गोदामाच्या मालकाला, जाऊन सांगणारा तोच. त्यामुळे कंपनीच्या संघात जागा मिळाली, मग वरचा डिव्हिजन, आणि आज ही चाचणी, दोघांचीही. अर्बाबनं मात्र आधीच बजावलं होतं की निवडीनंतरच्या शिबिरासाठी गोदामातून एकालाच सोडीन, दोघं गेले तर ट्रक कोण उतरवणार? डॅरेल किंवा जितेश. त्यावर खोलीत एकदाही बोलणं झालं नव्हतं. जितेश भात लावायचा, डॅरेल भांडी घासायचा, आणि दोघंही सिलिंगकडे बघत पडून राहायचे.

सिमेंटवर आखूड टाकलेला चेंडू डोक्यावरून जातो. म्हणून तिथं वाढलेला फलंदाज आखूड टप्पा दिसला की खाली बसतो. विचार करून नाही, गुडघेच बसतात. गवतावर तोच चेंडू छातीपर्यंतच येतो आणि वेगानं पुढे निघतो. बसलेल्या माणसाचं डोकं नेमकं त्याच उंचीवर असतं. डॅरेलला हे सकाळी पहिल्याच षटकात कळलं, केयूर नावाचा मुलगा खाली बसला आणि चेंडू त्याच्या हेल्मेटची जाळी खरवडून गेला तेव्हा. जितेश त्या वेळी आत पॅड बांधत होता.

नंतर पाण्याच्या कॅनपाशी त्यानं विचारलं, "काय रे, विकेट कशी आहे?"

"बरी आहे."

"उसळी?"

"आपल्याकडच्यासारखीच."

"मग मला आखूड टाकून दम घालवू नको. मी बसणार, तुझा चेंडू फुकट. आणि डोकं फोडलंस तर उद्या भात तूच लाव."

दोघंही हसले होते. त्या हसण्याचा घाम अजून मानेवर होता. आपल्याकडच्यासारखीच — हे मी ठरवून बोललो का? शब्द तर आधीच तोंडात तयार होता, गुळगुळीत, धुतलेला. अजून ओरडून सांगता येईल, तो गार्ड घेतोय, हात वर केला तर थांबेल... हात वर झाला नाही. पाय निघाले.

धावताना आठवावं असं काही नव्हतं, तरी आठवलं: डायनाताईच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मागच्या वाडीत डुकराची दोरी त्याच्या हातात होती, आणि मामानं घण घातला तेव्हा आवाज कानांत यायच्या आधी धक्का दोरीतून मनगटात आला होता. सगळे म्हणाले, लहान आहे, घाबरला असेल. तो घाबरला नव्हता. त्यानं दोरी सोडली नव्हती.

चेंडू सुटला. मनगटात तेच.

जितेशचे गुडघे बसले. डोकं खाली आलं, अलगद, जसं उशीवर यावं — आणि हेल्मेटच्या खाली, कानामागे, मानेच्या उघड्या मांसात चेंडू रुतला. कसलाच आवाज झाला नाही. जितेश कुशीवर पडला, एक पाय गवत खरडत राहिला, टाचेखाली ओली माती दिसू लागली.

गोलंदाजानं आधी पोचायचं असतं, तसा डॅरेल पोचला. गुडघ्यावर बसला. जितेशच्या नाकातून रक्ताची रेघ ओठांवर आली होती, एक डोळा उघडा होता, आणि तो त्याला ओळखत होता.

"चेंडू खाली राहतो रे इथं," जितेश म्हणाला, जड जिभेनं. "बॅटिंगला गेलास की... बसू नको हां."

मग डोळा फिरला. माणसं धावत आली, स्ट्रेचर आलं, कुणीतरी गाडी मागे घेत होतं. छत्रीखालचा एकजण दुसऱ्याच्या कानाशी लागून बोलला, दुसऱ्यानं मान डोलावली. प्रशिक्षक मुनीर चालत आला, डॅरेलच्या हातात चेंडू ठेवला, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाला, "वही लेंथ. यल्ला, चलो."

खुणेपाशी उभा राहून डॅरेलनं स्वतःला तपासलं, ठेच लागल्यावर बोटं हलवून बघावीत तसं. खांदा मोकळा होता, इतका मोकळा की हात आपला नसावा असं वाटलं. समोर केयूर पुन्हा उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. हा आता बसणार नाही, ताठ राहील. मग बरगड्या... कोपराच्या आत, डावीकडे. हे त्याच्याच आवाजात, शांतपणे, कुणीतरी माल मोजावा तसं आत बोललं गेलं, आणि आता तरी भीती वाटेल म्हणून तो थांबला, श्वास धरून थांबला, ती कुठून येईल हे पाहत... आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण धावत आहोत, बराच वेळ.