फाळक्यावरचं जहाज

मी दिवाकर पेंटर. रायपूरच्या भनपुरीत एकतीस वर्षं झाली, ट्रकाच्या मागं चित्रं काढून राहिलो. मोर म्हना, वाघ म्हना, हात न टेकवता काढतो. पन चित्राखालच्या ओळी माह्या नाहीत, त्या हरिदास भाऊच्या. भाऊ रेल्वेत फिटर होता, गुढियारीत राहते, आनि या रस्त्यावरच्या अर्ध्या गाड्या त्याचं लिहिलेलं पाठीवर घेऊन फिरतात. लोकाइले वाटते ट्रकवाले असंच काहीबाही लिहितात. अरे काहीबाही तुमचं! असा कवी रायपुरात दुसरा दाखवा, मिशी काढून देतो.

त्याचा एकुलता एक पोट्टा यशदीप. उरल्याच्या कारखान्यात काम शिकला, मग मालवाहू जहाजावर इंजिनात लागला. मागच्या सावनात ते जहाज वादळात बुडालं. नऊ जन सापडले, अकरा नाही सापडले, यशदीप त्यातला. सहा महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं, आता आशा ठेवू नका. आमच्यात मानूस गेला की भंतेजीले बोलावून पुण्यानुमोदन करतात, तो शेवटचा निरोप. भाऊची बायको, माया वहिनी, ऐकेच ना. "त्याचं काही आनलं का तुमी? नाही ना? मग निरोप कोनाले देऊ, भिंतीले?" दिवसभर फाटकापाशी खुर्ची टाकून बसे. खानं-पिनं सुटलं, हाडं निघाली. आनि भाऊनं लिहिनंच सोडलं. मले एकदाच बोलला, "दिवाकर, पोरगा तर गेला. आता हे वाट पाहनं हिलेही नेईन."

एप्रिलात एका सकाळी तो दुकानात आला. "मले एक जहाज काढून दे. गाडीवर."

माहा जीव भांड्यात पडला, मानूस बोलला तरी! मारोतीची गाडी चाकांच्या कमानी बदलाले दोन दिवसांसाठी उभी होती, मागचा फाळका कोरा होता. मारोती बीरगावचा, स्वतःची गाडी स्वतः चालवते. "तुले वाटन ते काढ" म्हनून घरी गेलता. मी दनादन हात चालवला. निळं पानी, पांढरं शीड, मागं सूर्य.

"हे काय होय?" भाऊनं विचारलं.

"जहाज."

"हे कॅलेंडर होय."

लय लागलं मले. दुसरा कोनी असता तर रंगाचा डब्बा फेकून मारला असता. भाऊनं मोबाईल काढला. यशदीपनं पाठवलेला फोटो होता. गंजलेलं लांबच लांब धूड, वर दोन क्रेन. "पानी निळं नसते तिथं. तो सांगे, कोळशावानी काळं दिसते. आनि सरळ नको काढू. बुडतं काढ."

"अगा भाऊ, हे तर हात दाखवून अवलक्षन! लिंबू-मिरची बांधनारे लोक आपले. बुडतं जहाज कोन घेईन गाडीवर?"

"तू काढ."

काढलं. पहिलं पुसून, दोन दिवस, फोटो समोर ठेवून. भाऊ बाजूच्या स्टुलावर बसून सांगत राहिला. डावी बाजू पान्यात, मागचा भाग वर. इंजिनघर कुठं, ते त्यानं बोटानं दाखवलं. "इथं. इथं होता तो." मी तिथं काळा रंग दोनदा फिरवला. खाली पट्टी कोरी होती. भाऊ म्हनला, लिही:

समुद्रा, तुले आमी पाह्यलं नाही,
तुनं आमच्या घरात काही ठेवलं नाही.

अंगावर काटा आला माह्या. रडारड नाही, शिव्याशाप नाही. बापजन्मी समुद्र पाह्यला नाही त्या मानसानं समुद्राले समोर उभं करून जाब विचारला! मी तर म्हनतो, मोठमोठ्या कवीइनं याच्या घरी पानी भरावं.

तेवढ्यात मारोती आला आनि बोंबललाच. "अबे दिवाकर, दिमाग खराब झाला का तुहा? पुस ते! बायको-पोरं आहेत मले!" मी थिनरचं फडकं उचललं. गाडी त्याची, मी काय बोलू? भाऊनं हात जोडले नाही, नुसता बाजूले सरकला. मारोतीनं ओळी वाचल्या. मग पुन्हा वाचल्या, ओठ हलवत.

"कोनाले लिहिलं हे?"

"समुद्राले," भाऊ म्हनला.

मारोतीनं डोकं खाजवलं. "उद्या लोखंड घेऊन विशाखापट्टनमले चाललो मी. बंदरातच खाली होते गाडी." माह्या हातातलं फडकं काढून घेतलं. "ज्याच्या नावाचा माल, त्याले पोचवाच लागते ना. राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ वहिनीले घेऊन आला. तिले काहीच सांगतलं नव्हतं. ती फाळक्यापुढं उभी राहिली. गंज पाह्यला, क्रेन पाहिल्या, ओळी वाचल्या. "कुठं होता तो?" भाऊनं जागा दाखवली. तिनं तिथं तळहात ठेवला. रंग अजून ओला होता, पन मी तिले अडवलं नाही.

मारोतीनं गाडी चालू केली आनि वहिनीनं फाळक्याची साखळी पकडली. दोन्ही हातानं, घट्ट. मारोतीनं आरशात पाह्यलं आनि इंजिन बंद केलं. मागं गाड्याइची लाईन लागली, भोंगे सुरू झाले. मी रस्त्यावर जाऊन असा ओरडलो की सगळे चिडीचूप. भाऊनं तिचे हात सोडवले नाही. तोही साखळीपाशी जाऊन उभा राहिला.

किती वेळ गेला, मले नाही माहीत.

"जाय बाबू," वहिनी जहाजाकडं पाहून म्हनली. "आमची काळजी नको करू. आमी पाहून घेऊ आमचं."

तिनं साखळी सोडली. मारोतीनं हॉर्न न वाजवता, हळूच गाडी काढली. ती वळनावर दिसेनाशी झाली तवा भाऊ रस्त्याच्या कडेले बसला आनि ढसाढसा रडला, आठ महिन्यांचं सगळं. वहिनीनंच त्याले उठवलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"चला," ती म्हनली. "भंतेजीले सांगून येऊ. रविवारी करू म्हना."